रिकाम्या गावातला हिवाळा

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात आणि आमच्या गावात ट्रॅक्टर येऊ लागतात. एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. त्यांत पत्र्याच्या पेट्या चढतात, गोधड्यांची गाठोडी चढतात, पिठाचे डबे, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी, डालग्याखाली कलकलणाऱ्या कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. बायका दाराला कुलूप लावतात, ओढून बघतात, दोन पावलं जाऊन पुन्हा मागे येतात आणि पुन्हा ओढून बघतात. मारुतीपुढे नारळ फुटतो. मग ऊसतोडीला निघालेलं गाव धुरळ्यात दिसेनासं होतं. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेची काही पोरं, दारं बंद का झाली हे न कळलेली कुत्री. आणि आता आम्ही दोघं.

कालपासून यंदाचे ट्रॅक्टर आलेत. मी ओट्यावर शेवटची सीताफळं निवडत बसलेय. बोटांना तो गोडसर चिकटपणा लागलाय आणि रस्त्यावरून डिझेलचा वास येतोय. या दोन वासांची सरमिसळ झाली की मला आमचा इथला पहिला हिवाळा आठवतो.

आम्हाला गाव नव्हतं. माझ्या वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे माझं बालपण निरनिराळ्या सरकारी क्वार्टरांत गेलं. ह्यांच्या वडिलांनी गाव सोडलं तेव्हा मागे काही ठेवलंच नव्हतं. पुण्यात हे छापखान्यात मशीनवर होते आणि मी एका बालवाडीत शिकवायची. मूलबाळ झालं नाही. छापखाना बंद पडला, माझीही निवृत्ती झाली, आणि मग दरवर्षी भाडं वाढत गेलं, तसतसं आमचं घर लहान होत गेलं. शेवटची खोली अशी होती की खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. त्यात ह्यांना दमा. एक दिवस हे म्हणाले, "आपण एखाद्या खेड्यात जाऊन राहू या का? आपल्याला झेपेल असं, आणि जरा बरं वाटेल असं."

बोलायला सोपं होतं. पुण्याच्या आसपासची खेडी आता खेडी उरली नव्हती. तिथे फार्महाउसच्या कमानी उभ्या होत्या. कोकणातली ओल ह्यांच्या छातीला सोसली नसती. तेव्हा बाबूभाईंचा फोन आला. बाबूभाई ह्यांच्या छापखान्यात बाइंडर होते, बीडकडच्या नेकनूरचे. काम सुटल्यावर ते गावी परतले होते. "आमच्याकडं या," ते म्हणाले. "हवा एकदम कोरडी हाय. दुसरं काय न्हाई, पण हवा हाय."

बाबूभाईंच्या मोटारसायकलवर मागे हे आणि मी बाबूभाईंच्या मुलीच्या स्कूटीवर, असं आम्ही घर बघत हिंडलो. नेकनूर मला आवडलं, पण तिथल्या बऱ्या खोल्या आधीच मास्तर लोकांनी घेतलेल्या. चौसाळ्याला जागा मिळत होती, पण ती हमरस्त्याला लागून; ट्रक गेला की कपाटातली भांडी वाजत. मग आतल्या गावांकडे वळलो. तिथे एक गंमत दिसली. दिवाळीनंतर कुलूप पडणारी घरं गावोगाव होती, पण भाड्याने द्यायला कुणी तयार नव्हतं.

"गुढीपाडव्याला आमी माघारी आलो की तुमी कुठं जाणार?" एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं. "अन् तुमी न्हाई गेलात तर आमी कुठं जाणार?"

त्याचं बरोबर होतं. आम्ही नेकनूरला परत जायला निघालो तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला होता. बाबूभाईंनी वाटेत एका पत्र्याच्या घरापुढे पाणी प्यायला गाडी थांबवली. ते घर दत्ता आणि सुमनचं. दोन खोल्या, पुढे ओटा, पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड, परड्यात शेवग्याचं झाड. नवरा-बायको दोघं चाळिशीच्या अलीकडची. पाणी देताना सुमनने आमची सगळी चौकशी केली आणि मग मला विचारलं, "काकू, तुमी काय काम करत व्हता?"

"बालवाडीत शिकवायचे."

"म्हंजी लेकरं सांभाळता येत्यात तुमाला."

तिने दत्ताकडे बघितलं. दत्ताने मान खाली घातली. मग सुमनने आत हाक मारली, "कावेरे, बाहीर ये." दोन वेण्या घातलेली, काटकुळी मुलगी दारात येऊन उभी राहिली. ती त्या वर्षी दहावीला होती. आजवर दोघं तोडीला गेली की ती आजीपाशी राहायची. पावसाळ्यात आजी गेली.

"संगं न्यावी तर शाळा बुडती," सुमन म्हणाली. "एकली ठिवावी तर..." वाक्य तिने पुरं केलं नाही. "पाव्हणे म्हणत्यात, उरकून टाका. लगीन केलं की तुमचा घोर गेला. मी न्हाई म्हणलं. पण नुसतं न्हाई म्हणून भागतं का?"

ह्यांनी भाड्याचं विचारलं. दत्ताने हात हलवला. "भाड्याचं बघू. लाइटचं बिल भरा, अन् तुमाला जमंल तसं द्या. आमाला भाडेकरू न्हाई पायजे, काका. घरात माणूस पायजे."

इतके दिवस आम्ही स्वस्त जागा शोधत होतो. ती स्वस्त का मिळाली, ते त्या ओट्यावर कळलं. ती दोघं आपली मुलगी आमच्या भरवशावर ठेवून जाणार होती. आमची नीट ओळखही नव्हती तेव्हा.

दिवाळी झाली. ट्रॉलीत बसताना सुमनने कावेरीच्या केसांवरून हात फिरवला, आणि मला म्हणाली, "लई बोलती ही. कंटाळा आला तर रागवा."

रिकाम्या गावाला एक वेगळा आवाज असतो. दुपारी एखादं दार वाऱ्याने थडथड वाजतं आणि ते बंद करायला कुणी नसतं. पिठाची गिरणी दिवसाआड चालते. बालाघाटाच्या माळावरून वारा येतो तो घरांच्या मधून सरळ निघून जातो, त्याला अडवायला वाळत घातलेलं लुगडंसुद्धा नसतं. पहिले काही आठवडे मला ते झेपलं नाही. ह्यांना तर सकाळी वर्तमानपत्र हवं असे आणि ते बसने आलं तर दुपारी येई. पत्रा रात्री थंड पडे, दिवसा तापे. डॉक्टर नेकनूरला. "चुकलं का आपलं?" असं आम्ही एकमेकांना मोठ्याने विचारलं नाही, एवढंच.

पण कावेरी होती. ती शाळेतून येताना हाक मारतच यायची, म्हणजे ती येण्याआधी तिचं बोलणं घरात यायचं. कापसाची पऱ्हाटी कशी मोडून चुलीत सारायची, नळाला पाणी आलं की आधी कोणती भांडी भरायची, कुणाच्या घरचं ताक घ्यायचं आणि कुणाचं मुळीच घ्यायचं नाही, हे सगळं तिने मला सांगितलं. ह्यांनी तिला गणित शिकवायचं कबूल केलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं की ह्यांच्या वेळचं गणित आता राहिलेलं नाही. मग दोघं मिळून पुस्तक वाचू लागले. गणित सुटलं की कावेरी टाळी द्यायची आणि ह्यांना टाळी द्यायची सवय नसल्याने हात हवेतच राहायचा.

आणि ह्यांचा दमा! एक दिवस भांडी घासताना लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मी रात्री उठून पाणी गरम केलेलं नाही. फवाऱ्याचं औषध फडताळात होतं तिथेच होतं. बाबूभाई म्हणाले होते तशी हवा खरोखरच होती.

संक्रांत झाली आणि एका संध्याकाळी दत्ताचा फोन आला. सुमनच्या डाव्या हातावर कोयता बसला होता. बोटं वाचली होती, पण टाके पडले होते. तिला आता ऊस धरता येत नव्हता.

"काकू, कावेरीला धाडून द्या," दत्ता म्हणाला. आवाज ओढल्यासारखा येत होता. "थोड्या दिसांचं काम हाय."

तोडीवर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकजण बसला की उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी विचारत नाही. हे मला नंतर कळलं. कावेरीला ते लहानपणापासून ठाऊक होतं. तिने पिशवी काढली, जुने कपडे भरले. मग गणिताचं पुस्तक त्यात घातलं. थोड्या वेळाने ते बाहेर काढून ठेवलं. एवढं बोलणारी पोर, त्या संध्याकाळी एक अक्षर बोलली नाही.

मी काय बोलणार होते? मुलगी त्यांची, घर त्यांचं, हात तिच्या आईचा कापलेला. हे खुर्चीत बसून बघत होते. मग म्हणाले, "एकटी कशाला जाईल ती? आपणही जाऊ. सुमनला बघून येऊ." उठले आणि गणिताचं पुस्तक त्यांनी आपल्या पिशवीत टाकलं.

सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. नेकनूरहून बीड, बीडहून माजलगावची एसटी. खिडकीतून बालाघाटाचा डोंगर हळूहळू मागे गेला. कोरडं, दगडगोट्यांचं रान संपलं आणि एकाएकी हिरवंगार सुरू झालं. धरणाचं पाणी, पाटाच्या कडेने ऊस, उसाच्या पलीकडे ऊस. आमच्या गावचं माणूस इथे येतं ते ज्याचं पाणी त्याचा ऊस तोडायला, असं काहीतरी मनात आलं. कावेरी खिडकीला डोकं टेकून होती.

फडाच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोप्या, वाकून आत शिरायचं अशा. बाहेर चुली पेटलेल्या. सुमन एका कोपीपुढे बसून उजव्या हाताने पीठ मळत होती आणि परात सारखी सरकत होती. तिने मान वर केली. आधी आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. मग कावेरीच्या हातातली पिशवी बघितली.

"तू कावून आलीस?"

"पप्पांनी बोलावलं."

सुमनने पिठाचा हात पदराला पुसला. परात बाजूला सारली. दत्ता फडातून आला. हातावर, गालावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, डोळे तांबारलेले. लेकीला बघून त्याला हसू आलं आणि लगेच बायकोकडे बघून ते मावळलं.

"म्या काय हौसंनं बोलावलं का?" तो म्हणाला. "जोडी मोडली. मुकादम म्हणतो, माणूस उभं कर."

"माणूस उभं कर म्हणला का पोरगी उभी कर म्हणला?"

"आता माणूस कुठून आणू मी?"

आजूबाजूच्या कोप्यांतल्या बायकांनी आपापली कामं चालू ठेवली होती, पण कान इकडे होते. सुमनने बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "रामाची बायको बाळंतपणाला गेली न्हाई का? त्यो बी अर्धाच हाय. दोन अर्धे एका जागी करा की."

"दोन गड्यांची जोडी?" दत्ता वैतागला. "अन् मोळ्या कुणी बांधायच्या?"

"गड्यांना हात न्हाईत?"

पलीकडच्या चुलीवरून एक बाई खळखळून हसली. मग दुसरी. मग स्वतः रामाच हसायला लागला, जो बाजूलाच कोयता पुसत उभा होता. "चल बे दत्त्या," तो म्हणाला, "शिकू बांधायला." मुकादम आला, कुरकुरला, असं कधी झालं न्हाई म्हणाला. सुमनने त्याला उभ्या उभ्या भाकरी खायला लावली. जाताना तो म्हणाला, "करा काय करायचं ते. गाडी भरली पायजे."

एवढं झाल्यावर सुमन माझ्याकडे वळली. जरा संकोचली. म्हणाली, "काकू, इथं बसून तरी मी काय करू? घरात माझ्यापुरती जागा हाय का?"

मला आधी हसू आलं आणि मग हसता येईना. ती तिच्या घराबद्दल मला विचारत होती.

आम्ही चौघं परतलो. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कललेलं होतं. सुमन चार पावलं चालली आणि थांबली. मला वाटलं, हात दुखतोय. ती शेताकडे बघत होती. ज्वारी डोक्याइतकी उंच उभी होती, कणसं भरत आलेली, त्यांवर पाखरांचा कलकलाट.

"आमी पेरून जातो," ती म्हणाली. "माघारी येतो तवा रान मोकळं असतं. लगीन होऊन आले तवापसून मी ह्या दिसांत इथं कधीच न्हवते."

या वाक्याचा अर्थ मला पुढचे कितीतरी दिवस उलगडत राहिला. सकाळी माळावर धुकं पडतं, हे तिला माहीत नव्हतं. शेवग्याला या दिवसांत फुलं येतात आणि त्यांवर मधमाश्या घोंगावतात, हे तिने झाड स्वतः लावूनही बघितलं नव्हतं. आतल्या खोलीची खिडकी तिने उन्हाळ्यात वारा यावा म्हणून दत्ताशी भांडून काढून घेतली होती. हिवाळ्यात त्या खिडकीतून कोवळं ऊन थेट चुलीपर्यंत येतं हे तिला मी दाखवलं. ती त्या उन्हात पाय पसरून बसली. पाय आखडते घेतले नाहीत, कुणासाठी उठली नाही. बराच वेळ बसून म्हणाली, "लई ब्येस घर बांधलं की आमी."

घर शोधत आम्ही आलो होतो. पण त्या हिवाळ्यात ते घर पहिल्यांदा बघत होती ती सुमन, आणि तिच्याबरोबर मीही ते नव्याने बघत होते. मला खटकलेल्या गोष्टींवर ती खूश होत होती. रिकाम्या गावातली शांतता मला खायला उठायची, सुमन म्हणायची, "किती निवांत हाय! कोपीत तर शेजारचा खोकला तरी आपलाच वाटतो." मग मलाही ती शांतता निवांत वाटू लागली. खेड्यात राहणं आनंदाचं असतं की नाही हे मला पुण्यात बसून कळलं नसतं, आणि इथे एकटीने राहूनही कळलं नसतं. ते मला तिने शिकवलं. शिकवतेय हे तिला माहीत नव्हतं.

कणसं दुधावरून पुढे गेली तशी एका रविवारी आम्ही शेतात गेलो. कावेरीने आगटी केली, गोवऱ्या पेटवल्या. ह्यांनी बाबूभाईंनाही बोलावलं होतं; ते येताना गूळ घेऊन आले. भाजलेलं कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे असतात. सुमनच्या एका हाताला ते जमेना, आणि माझे तळवे पोळत होते. मी फुंकर घालत, उड्या मारत चोळत होते आणि ती डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. शेवटी कावेरीने दोघींना घास दिले. हिरवे, गरम, गोडसर दाणे, वर लसणाची चटणी.

"शहरातली लोकं गाड्या करून हुरडा खायला खेड्यात येत्यात म्हणं," सुमन म्हणाली. "अन् आमचा हुरडा आमालाच नवा." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. तोंडात दाणे होते, आणि ती खुशीत होती.

मार्चमध्ये परीक्षा झाली. दर पेपरला सुमन फाट्यापर्यंत सोडायला गेली. "जाऊन बसच्या खिडकीत बसली की मागं बघत न्हाई बया," असं ती परत आल्यावर अभिमानाने सांगायची. कावेरी चांगली पास झाली. आता ती बीडला वसतिगृहात राहून शिकते, नर्सिंगचं म्हणते. शनिवारी आली की अजूनही तिच्या आधी तिचं बोलणं घरात शिरतं.

पाडव्याला ट्रॅक्टर परत आले. दत्ता वाळून काळा पडून आला. आम्ही आमच्या बॅगा भरून ठेवल्या होत्या. ठरलंच होतं तसं. बाबूभाईंनी नेकनूरला एक खोली बघून ठेवली होती. दत्ताने बॅगांकडे बघितलं आणि बायकोकडे बघितलं.

"ह्या कावून बांधल्या?"

"तुम्ही आलात ना आता," हे म्हणाले.

"आलो म्हणून काय झालं? तुमाला घालवलं तर ही मला घरात घ्यायची न्हाई, काका."

त्या उन्हाळ्यात परड्यात एक खोली उभी राहिली. पत्रे आम्ही आणले, हात दत्ताचे आणि त्याच्या भावाचे. हे खिळे देत उभे राहायचे. उन्हाळ्यात आम्ही मागच्या खोलीत असतो; ती तापते, खोटं कशाला सांगू. पाण्यासाठी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. पुण्यातल्या मैत्रिणी फोनवर विचारतात, कसं काय राहता बाई तिथे? मी त्यांना हवा सांगते, सीताफळं सांगते. बाकीचं फोनवर सांगता येत नाही.

ह्यांची तब्येत आता अशी आहे की सकाळी माळापर्यंत चालून येतात. गावातली माणसं बाहेरगावच्या पोरांना फोन लावून घ्यायला ह्यांच्याकडे येतात. दिवाळीनंतर बंद घरांच्या अंगणातल्या तुळशींना मी पाणी घालते. कुणी सांगितलं नाही, पण आता बायका जाताना नुसतं तुळशीकडे बोट दाखवतात.

आज दत्ता आणि सुमनची ट्रॉली भरली. सुमनचा हात थंडीत जरा आखडतो, पण कामाला तयार आहे. यंदा जाऊ नको असं मी म्हणून बघितलं. "जायला तर लागतंय, काकू," एवढंच ती म्हणाली. तिला माझ्यापेक्षा ते जास्त कळतं.

नारळ फुटला. सगळे चढले. सुमन मात्र खालीच उभी. मुकादम ओरडला तरी उभीच. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हुरड्याला मी येणार हाय. दोन रोज. मुकादमाकडून आधी कबूल करून घेतलं, तवा ट्रॉलीत सामान चढवलं."

"तो खाडा धरेल ना तुझा?"

"धरू द्या."

वरून दत्ता म्हणाला, "कामाला जायच्या आधी सुट्टी मागणारी ही पहिलीच बाई बघा!"

"मग?" सुमन म्हणाली. "माझंच गाव हाय. मला बी कधीतरी बघू द्या की."

ती चढली, पदर कमरेला खोचला आणि गाठोड्यांच्या वर जागा करून बसली. ट्रॅक्टर निघाला. धुरळा खाली बसेपर्यंत मी उभी राहिले. हे मागून येऊन म्हणाले, "गेलं गाव."

"गेलं," मी म्हटलं. पण ज्वारीच्या रानाकडे नजर गेली. रोपं अजून घोट्याएवढीच आहेत. त्यांना कणसं धरायला अवकाश आहे, आणि तोवर मला पाहुणीची तयारी करायची आहे.